साडेचार वीत

"झालं काका. आता हत्ती बसला तरी हालायची न्हाई," दत्ता म्हणाला आणि त्यानं तोंडासमोरची काळी काच बाजूला केली.

त्याच्या पायाशी माझी सायकल आडवी पडली होती. मधल्या नळीत, जिथं ती दोन भागांत दुमडते, तिथं वेल्डिंगची जाड, खवलेदार वळी चहूबाजूंनी फिरली होती. अजून ती तांबूस होती आणि बघता बघता करडी पडत चालली होती. बिजागरीच्या खाली केसाएवढी चीर होती, तेवढी भरून दे, असं मी त्याला सांगितलं होतं. त्यानं बिजागरीच भरून टाकली. बिजागरीवरचा खटका, म्हणजे बोटभर लांबीची ती पोलादी दांडी, जी आवळली की दोन भाग एक होत आणि सोडली की सायकलीची घडी होई, तो त्यानं आधीच छिन्नीनं उडवून भंगाराच्या डब्यात टाकला होता. "जोड लय ढिला होता. कवा तरी तोंडावर पडला असता तुमी. मजबूत करून दिली." दत्ता दिवसभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि लोखंडी फाटकं जोडतो. काही हालताना दिसलं की ते हालू नये अशी तजवीज करणं हा त्याचा धंदा आहे, आणि त्यात त्याची काही चूक झाली असं मला म्हणता येत नाही. मी म्हणालो, "छान झालं." डब्यात हात घालून खटका तेवढा काढून घेतला. तो गार होता.

साडेअकरा झाले होते. उमाची पुण्याची गाडी साडेनऊची, पण आज ती चार तास उशिरानं धावत होती. उमा, म्हणजे माझी बायको उमादेवी, तीन वर्षांपासून पुण्याला लेकीकडं, ऋतुजाकडं असते. आज ती मला घ्यायला येत होती. मला आणि सायकलीला. सोमवारी परत जायचं, दोघांची तिकिटं ऋतुजानं काढून ठेवलेली. गाडीला उशीर आहे तर तेवढ्यात चीर भरून घेऊ म्हणून मी जिंतूर रोडला दत्ताकडं आलो. गाडी वेळेवर आली असती तर सायकल शाबूत राहिली असती. म्हणजे रेल्वेला दोष देता येतो. मी चालता चालता देऊन पाहिला. तो काही लागला नाही.

सायकल हातात धरून मी चालत निघालो. बसून जाता आलं असतं, पण बसवेना. मधून मधून नळीवर हात ठेवून बघत होतो. जोडाची ऊब बराच वेळ राहिली, ताप उतरत चाललेल्या माणसाच्या कपाळासारखी. मला बोटांनी बघायची सवय आहे. सेलूच्या एका जिनिंगमध्ये मी तीस वर्षं कापसाची प्रत ठरवत होतो. चिमूटभर रुई घ्यायची, दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये धरून हळूच ओढायची, आणि तंतू केवढा लांब, किती पक्का, ते सांगायचं. डोळे मिटून सांगायचो. पण ते सांगणं कापसाबद्दल होतं. माणसांबद्दल मला कधी पटकन काही सांगता आलं नाही. उमा म्हणायची, "तुमच्याशी बोलायचं म्हंजी पोस्टात पत्र टाकल्यावानी हाय. जवाब येतो, पर कवा येतो ते सांगता येत न्हाई."

तेव्हा आम्ही पिंगळीला राहत होतो. घर ते स्टेशन दीड मैल, पुढं पॅसेंजरनं सेलू, सेलूच्या स्टेशनापासून जिनिंग आणखी तेवढंच. साधी सायकल गाडीच्या डब्यात घेऊ देत नसत. सेलूच्या एका अडत्याच्या मुलानं विलायतेहून आणलेली ही घडीची सायकल त्यांच्या गोदामात धूळ खात पडली होती. बाटलीच्या काचेसारखा हिरवा रंग, लहान चाकं, मधोमध बिजागरी. ती त्यांनी मला देऊन टाकली. रोज सकाळी पिंगळीच्या फलाटावर मी खटका सोडायचो, सायकलीचं पुढचं अंग मागच्या अंगाशी आणून ठेवायचो आणि सीटखाली सरकवायचो. डब्यातले लोक पाय उचलून बघत. लग्न होऊन आली तेव्हा उमानं ती पहिल्यांदा बघितली आणि पदर तोंडाला लावून विचारलं, "ही सायकल हाय का छत्री?" माझ्याशी बोललेलं ते तिचं दुसरं किंवा तिसरं वाक्य असेल. पुढच्याच महिन्यात तिला कॅरिअरवर बसवून देवळाकडं नेत होतो. खटका आवळायचा राहून गेला होता. चढावर सायकल मधोमध उघडली आणि आम्ही दोघं दोन बाजूंना पडलो. उमाच्या हनुवटीला खोक पडली. तिचा वण अजून आहे. त्या दिवसापासून खटका तिनं आपल्याकडं घेतला. सकाळी लिंगपूजा आटोपली की ती तशीच अंगणात यायची, भस्माच्या बोटांनी खटका आवळायची, एकदा हिसका देऊन बघायची आणि म्हणायची, "जावा आता." सेलूला उतरून मी सायकल उघडायचो तेव्हा खटक्यावर तिच्या तीन बोटांचे पांढरे ठसे असत. मी ते पुसत नसे. सोडताना आणि आवळताना माझा अंगठा शेजारी, मोकळ्या जागेवर लावायचो. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही, किंवा फार सांगण्यासारखं वाटलं. दोन्हींत मी गप्पच बसतो.

वसमत रोडच्या बाजूला आमच्या दोन खोल्या आहेत. परभणीत राहायला आलो, जिनिंग सुटलं, सायकल माळ्यावर गेली आणि तिथं वीस वर्षं राहिली. ऋतुजाला मुलगी झाली तेव्हा तिचा फोन आला, "बाबा, आईला सहा महिने पाठवा ना." मी म्हणालो, "पाठवतो की." सहा महिन्यांचं वर्ष झालं, नात चालायला लागली, मग तिला सोडायला-आणायला कुणी तरी हवं म्हणून दुसरं वर्ष, मग तिसरं. भांडण कुणाचंच नाही. उमा रोज फोन करते, जेवण झालं का विचारते. मी हो म्हणतो. एका माणसाला वरण किती लावायचं ते मला तीन वर्षांत जमलं नाही. रोज उरतं. दुपारी मी घरात मोठ्यानं बोलतो. "दूध उतू चाललं बघ," असं स्वतःलाच सांगतो आणि उठून गॅस बंद करतो. एकदा शेजारच्या नर्मदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, "पाव्हणे आलेत का काय?" मी म्हणालो, रेडिओ होता. आमच्याकडं रेडिओ नाही, हे त्यांना माहीत आहे. त्या वाटीभर भाजी ठेवून गेल्या. त्या दिवशी मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही एकटं वाटलं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ऋतुजा फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्हीही या ना इकडंच. एकटे काय करता? फक्त सामान नका आणू, जागा नाहीये." पोर मायेनं बोलली होती, त्यात वाकडं काही नव्हतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मी येईन तर सायकल घेऊन येईन." माझं मलाच आश्चर्य वाटलं. माळ्यावरची गंजलेली सायकल, वीस वर्षांत मी तिच्याकडं बघितलं नव्हतं. ऋतुजा हसायला लागली. नवव्या मजल्यावर सायकल? तेवढ्यात उमानं फोन घेतला. "हसू नगंस गं. तिची घडी होती. दारामागं बसंल." मग मला म्हणाली, "दुरुस्त करा आन् घेऊन या."

अट मान्य झाली आणि मला राग आला. हे आता मांडायला लागलो की हास्यास्पद दिसतं. सायकल आणायची नाही म्हणाल्या असत्या तर मी रुसलो असतो. आणा म्हणाल्या तरी रुसलोच. मला वाटलं होतं, कुणी तरी म्हणेल, सायकलीचं मरू द्या, तुम्ही या. तसं कुणी म्हणालं नाही. सगळ्यांनी मिळून सायकलीची सोय लावली.

पाच महिने मी सायकल दुरुस्त करत होतो. घाई नव्हती, किंवा घाई नसावी अशी इच्छा होती. साखळी आठ दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवली. रिमवरचा गंज राखेनं आणि काथ्यानं घासून काढला. वीस इंची टायर आणले ते बसेनात. वीस इंचातही दोन जाती असतात हे मला या वयात कळलं. हैदराबादच्या जुन्या बाजारातून एका ओळखीच्या माणसानं बरोबर मापाचे टायर पाठवले, त्याला दोन महिने लागले, आणि ते दोन महिने माझे फार सुखात गेले. बिजागरीची खीळ झिजली होती. लेथवाल्याकडून खिळीभोवती बसणारी पितळी नळी, म्हणजे बुश, करून घेतला, इतका बेताचा की घडी करताना करंगळी लावली तरी पुरे. ज्या दिवशी ती पहिल्यांदा नीट मिटली त्या दिवशी मी घरात एकटाच तिला सात-आठ वेळा उघडत मिटत बसलो. मिटताना एक बारीक आवाज व्हायचा. तो ऐकला की पिंगळीचा फलाट, ओली खडी, माझ्या हाताला उमाच्या हातच्या भाकरीचा डबा, सगळं एकदम यायचं आणि नळीचा थंड स्पर्श तेवढा बोटांत उरायचा. मागच्या महिन्यात उमानं फोनवर विचारलं, "घडी केल्यावर केवढी होती? मोजून सांगा." टेप सापडेना. मी विती घातल्या. लांबी साडेचार, उंची साडेतीन. "कामून पायजे?" मी विचारलं. "पायजे," ती म्हणाली. मला वाटलं, दारामागची जागा मोजत असतील. चपलांचं कपाट हलवावं लागेल की नाही, ते बघत असतील.

उड्डाणपुलाखाली सावली होती, तिथं मी थोडा थांबलो. आता खरं सांगून टाकतो. दत्तानं काही माझ्या पाठीमागं केलं नाही. मी तिथंच स्टुलावर बसलो होतो, हातात त्यानं मागवलेला चहा होता. त्यानं छिन्नी खटक्यावर टेकवली आणि मान वर करून विचारलं, "काका, ही दांडी कशाला हाय? काढू का?"

मी चहाकडं बघितलं. त्यावर पातळ साय धरली होती. एक शब्द पुरला असता. नको. तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढं ते दार आलं, नवव्या मजल्यावरचं, ज्यामागं सायकल मिटून ठेवलेली आहे, आणि तिच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर मी. येणारा-जाणारा म्हणतो, जरा सरकता का. मी सरकतो. आयुष्यभर सरकलो आहे, त्याचं दुःख नाही, पण या वेळी कुणी तरी मला सरकायला सांगण्याआधी बस म्हणावं असं वाटत होतं. दत्ता जबाबाची वाट बघत होता. आमच्याकडं वडीलधारा माणूस गप्प बसला की त्याचा अर्थ हो असाच घेतात. एखादं स्थळ असो नाही तर जमिनीचा बांध, मोठ्यानं खाली बघितलं की गोष्ट ठरली. दत्तानंही तसाच अर्थ घेतला. छिन्नीवर हातोडा बसला. मग निळा प्रकाश झाला आणि मी डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांतूनही तो दिसत होता. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, चांगली दोन मिनिटं मला बरं वाटलं. प्रकाश विझला आणि तेही गेलं. मग दत्ता म्हणाला, आता हत्ती बसला तरी हालायची नाही.

स्टेशनवर कळलं, गाडी पलीकडच्या फलाटावर येणार. जिन्यापाशी मी सवयीनं बिजागरीशी वाकलो आणि पुन्हा सरळ झालो. पूर्वी मी ही सायकल मिटून एका हातात धरायचो. आता मागचं चाक पायऱ्यांवर आपटत होतं. एका प्रवाशानं मागून धरलं, "काका, इतकी लहान सायकल आन् इतकी जड?" पलीकडं बाकावर बसलो. खिशातला खटका काढून बघितला. त्याच्यावर भस्माचा ठसा असायचं काही कारण नव्हतं, तरी बघितलं.

दीडला गाडी आली. उमा मधल्या डब्यातून उतरली, एका खांद्याला पिशवी, एका हातात पाण्याची बाटली. तीन वर्षांत ती दोनदा येऊन गेली होती, तरी मला ती जरा लहान झाल्यासारखी वाटली. सायकल दिसली तशी तिची चाल बदलली. "अगं बाई, नवी नवरीच की!" तिनं हँडलवरून हात फिरवला, घंटी वाजवून बघितली. "रंग तोच भेटला का? म्या ऋतुजाला म्हणलं होतं, तुजा बाप करून दाखवंल." मग फलाटावरच पिशवी ठेवून तिनं आतून एक कापड काढलं. तिच्या हिरव्या इरकलीची खोळ होती, लाल काठ वरच्या अंगाला घेतलेला, खांद्याला अडकवायला पट्टा, दुहेरी शिवण. "उघडी नेली की लोक बघत ऱ्हातात. खांद्याला अडकवा आन् डब्यात शिरा, कुणाचं काय जातंय. साडेचार, साडेतीन. माझी वीत बारकी भरती, म्हणून जावायाच्या हातानं मोजली. बिचारे ऑफिसला जायचं सोडून वीत घालत बसले." ती हसत होती. "तुमच्या खोलीत खिडकीपाशी जागा केलीय हिला. तुमच्या पलंगाच्या पायथ्याशी. दारामागं काय ठेवायची, येता-जाता लोकांचे पाय लागतेत." मला खोली होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. "करा घडी. बसती का बघू. थांबा, मीच करते."

तिचा हात खटक्याकडं गेला. इतकी वर्षं झाली तरी न बघता बरोबर जागेवर गेला. तिथं काही नव्हतं. बोटं चाचपत पुढं सरकली आणि वेल्डिंगच्या वळीवर थांबली. तिनं वाकून बघितलं. तिची बोटं त्या खवल्यांवरून सावकाश चहूकडं फिरली, जिथून सुरू झाली तिथं परत आली.

"हे कुणी केलं?"

"दत्तानं. वेल्डिंगवाल्यानं."

"आन् तुमी कुठं होतात?"

"तिथंच."

ती सरळ झाली. चौतीस वर्षं ती माझ्याबरोबर आहे. 'तिथंच' या एका शब्दात तिला चहा, स्टूल, छिन्नी, सगळं कळलं असणार. ती रागावली नाही. रागावली असती तर मला काही तरी बोलता आलं असतं. तिनं खोळ छातीशी धरली होती. गाडीची शिटी झाली.

"सायकल गेली तर जाऊ द्या," ती म्हणाली. "मी सायकलीला न्यायला न्हाई आले. सोमवारची दोन तिकिटं हायत. तुमी येता का, एवढंच सांगा."

हेच ते वाक्य. तीन वर्षं मी ज्याची वाट बघितली ते वाक्य भर उन्हात, फलाटावर, मागून वडेवाला ओरडत असताना ती बोलली होती. येतो. दोन अक्षरं. माझ्या तोंडात ती होती, त्यांची चवसुद्धा मला लागत होती. पण आता येतो म्हणायचं तर आधी दत्ताकडं काय झालं ते सांगावं लागणार होतं, आणि ते सांगायचं तर पाच महिने कशाचे होते ते, आणि मग रेडिओ, आणि सेलूच्या स्टेशनातले तीन पांढरे ठसे, सगळं शेवटापर्यंत उलगडावं लागणार होतं. कुठून धरू ते मला समजेना. मी खोळीच्या लाल काठाकडं बघत राहिलो. डबे एकामागून एक आमच्या बाजूनं सरकत होते. शेवटचा डबा जाईपर्यंत ती थांबली. मग रूळ मोकळे झाले आणि पलीकडची भिंत दिसायला लागली.

"बरं," उमा म्हणाली.

खोळीचा काठ सरळ करत म्हणाली, "मी सांगते ऋतुजाला, सायकल अजून तयार झाली न्हाई म्हणून."

ऊन सीटवर येत होतं. तिनं खोळ उघडून मागच्या बाजूनं सायकलीवर चढवली. ती जोडापर्यंतच आली, पुढचं अंग उघडं राहिलं. तिनं पट्टा कॅरिअरला बांधला, पिशवी खांद्याला अडकवली. जिन्यापाशी आल्यावर मी हँडल धरलं, तिनं न सांगता मागून उचललं. "हळू," ती म्हणाली. तिला दम लागत होता. आम्ही एकेक पायरी चढत होतो, मी पुढं, ती मागं, आणि मधल्या नळीतून तिच्या हाताचा जोर मला माझ्या हातात कळत होता. सोमवारी तिला गाडीत बसवून परतताना ही सायकल मला एकट्यालाच या जिन्यावरून न्यावी लागणार, हे चौथ्या पायरीवर माझ्या लक्षात आलं. तेव्हाही तिला येतो म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "पायरी बघून ये."